कोन बोलला?

पेशंट झोपला, असं मॅडमना सांगायला गेलं की त्या विचारायच्या, "कोन बोलला?"

टाकी भरली, लॅबवाला रिपोर्ट देऊन गेला, बाळंतिणीनं पेज खाल्ली, लिफ्ट दुरुस्त झाली. काहीही सांगा, पहिला प्रश्न हाच. "मावशी बोलल्या," असं उत्तर दिलं तर जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' करायच्या. "मी स्वतः बघितलं, मॅडम," म्हटलं तर, "कधी बघितला?" मग हातातलं काम टाकून त्या स्वतः गच्चीवर जायच्या आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावायच्या. टाकी भरलेलीच असायची. तरी खाली येताना चेहऱ्यावर समाधान नसायचं. या वेळी भरलेली निघाली, एवढाच त्याचा अर्थ.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरांची बायको. मूळच्या अझरबैजानच्या. भिवंडीत हे नाव धड कोणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळं गाव त्यांना 'रशियन बाई' म्हणायचं. तसं कोणी तोंडावर म्हटलं की त्या भडकायच्या. "रशियन न्हाय!" एवढंच म्हणायच्या आणि पुढे काही समजावून सांगायच्या नाहीत. डॉक्टर इथल्याच जुन्या घरातले. डॉक्टरकी शिकायला त्या देशात, बाकू शहरात गेले. शिक्षण संपत आलं तेव्हा तिकडे युद्ध पेटलं. हॉस्पिटलात रोज जखमी सैनिक यायचे आणि त्यांना आघाडीवरून घेऊन येणाऱ्या सैन्याच्या नर्सेसमध्ये या होत्या. लग्न करून दोघं भिवंडीत आले, पॉवरलूमच्या गल्लीच्या तोंडाशी वीसेक खाटांचं हॉस्पिटल काढलं. मी तिथे रिसेप्शनला लागले तेव्हा माझं नुकतंच बी. कॉम. झालं होतं. अजून तिथेच आहे.

इथे त्यांची पदवी चालत नव्हती, म्हणून कागदोपत्री त्या काहीच नव्हत्या. पेशंटला सुई टोचायच्या नाहीत, गोळी द्यायच्या नाहीत. फक्त बघायच्या. दिवसभर बघत हिंडायच्या. सलाइनची बाटली उजेडात धरून बघायच्या, कापसाचा वास घ्यायच्या, नर्सनं मोजलेली नाडी पुन्हा मोजायच्या. ऑक्सिजनचे सिलिंडर काल्हेरच्या गोडाऊनमधून यायचे. आणणारा माणूस सही मागायचा, तर मॅडम प्रत्येक सिलिंडरची तोटी किंचित फिरवून कान लावायच्या. तो वैतागायचा. "भाभीजी, सील है ना, देखो तो सही." एकदा सीलबंद सिलिंडरमधून फुस्ससुद्धा आलं नाही. तेव्हा तो गप्प झाला. पण त्याच मॅडम आमच्या दूधवाल्यावरही वर्षानुवर्षं संशय घेत राहिल्या आणि तो बिचारा शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. त्यांचा संशय माणूस बघून नसायचा. डॉक्टरांवरही असायचा. डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले आणि "ठीक आहे," म्हणाले की मॅडम मान हलवायच्या आणि आत जायच्या.

त्यांना मराठी शिकवलं आमच्या आयामावशीनं. मावशी कशेळीच्या, खाडीकाठच्या. जमीन गोडाऊनला गेली, मुलांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या, तरी मावशी कामाला येतच राहिल्या. "घरात बसून भिंतीशी बोलू का?" म्हणायच्या. त्यामुळे मॅडमचं मराठी थेट खाडीकाठचं झालं. हाय, न्हाय, व्हता, मना पायजे. गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या बाईच्या तोंडून ते ऐकून नवे पेशंट आजार विसरायचे. त्यात आणखी एक गंमत होती. त्यांच्या भाषेत तो आणि ती असा फरकच नाही म्हणे. त्यामुळे मॅडमना सगळं जग 'तो' होतं. बाळंतीण आला, सासू भांडला, नर्स पळाला. सुधारायला गेलं तर म्हणायच्या, "मानूस हाय ना? मंग तो."

चहा काळा घ्यायच्या, काचेच्या ग्लासात. खडीसाखरेचा तुकडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा ओढायचा. दाराकडे पाठ करून कधी बसायच्या नाहीत. आणि एक चमत्कारिक गोष्ट. लूमचा खडखडाट त्यांना आवडायचा. बाहेरून आलेला माणूस त्या आवाजानं अर्ध्या तासात कावतो. मॅडमना उलट शांतता सहन व्हायची नाही. वीज गेली, गल्लीतले लूम एकदम थांबले की त्या जिथे असतील तिथून गॅलरीत यायच्या आणि कठडा धरून उभ्या राहायच्या. "का थांबला?"

"लाइट गेली, मॅडम."

"कोन बोलला?"

आता अशा बाईबद्दल गाव काय काय बोलणार नाही? ती हेर आहे, हे एक होतं. ती नर्स नव्हतीच, तिकडे हॉटेलात कामाला होती, हे दुसरं. बाई परदेशी म्हणून पोलीस चौकशीला यायचे तेव्हा समोरच्या पानवाल्याकडे गर्दी जमायची. खरं सांगायचं तर शंका मलाही होत्या. त्याला कारण होतं ते पदक.

स्टोअररूमच्या किल्ल्यांचा जुडगा मॅडमच्या कमरेला असायचा. त्या जुडग्यात किल्ल्यांबरोबर एक पदक अडकवलेलं होतं. पिवळट धातूचं, मध्ये चंद्रकोर आणि तारा, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. युद्धातल्या शौर्याबद्दल मिळालं, असं डॉक्टर अभिमानानं सांगायचे. पण खरं पदक कोणी किल्ल्यांना लावतं का? आमच्या शेजारच्या मास्तरांना तालुक्याचं आदर्श शिक्षकाचं मिळालं होतं, ते काचेच्या पेटीत, वर हार घातलेलं. आणि विचारलं की मॅडम प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. मावशींना सांगितलं, पळण्याच्या शर्यतीत मिळालं. चौकशीच्या पोलिसाला सांगितलं, डॉक्टरांनी बाजारातून घेऊन दिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लय लोक मेले. मेडल उरले. मना दिला." आणि हसल्यासुद्धा नाहीत. आमच्या कंपाउंडरचं ठाम मत होतं की ते कुठल्यातरी शाळेच्या गॅदरिंगचं आहे. मी त्याला नाही म्हणत नव्हते.

एक प्रसंग मात्र असा झाला की त्यानंतर कितीतरी दिवस मला मॅडमकडे बघवेना.

गणेशपुरीच्या बाजूच्या एका गावातून एक म्हातारे आजोबा जीपमध्ये घालून आणले. सकाळी चहा घेता घेता त्यांनी मान टाकली होती. घरच्यांना सगळं कळलेलं होतं, फक्त दाखला हवा होता. बायका जीपमध्ये रडत होत्या. मोठा मुलगा माझ्यासमोर येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, वडील गेले. डॉक्टरांना सांगता का जरा?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. "कोन बोलला गेला?"

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मॅडम जीपमध्ये चढल्या. आजोबांच्या सदऱ्याची बटणं सोडून छातीला कान लावला. मानेवर दोन बोटं ठेवली. पापण्या उचलून बघितल्या. माझ्या पर्समधला आरसा मागून घेतला आणि त्यांच्या नाकाशी धरला. मग पुन्हा छातीला कान. हे इतका वेळ चाललं की हळूहळू बायकांचं रडणं थांबलं. आजोबांची बायको, एवढीशी म्हातारी, पायाशी बसली होती ती गुडघ्यांवर उठली. मॅडमच्या तोंडाकडे बघायला लागली. सगळेच बघायला लागले. रस्त्यावरचे लोकही थांबले. एकानं तर "हिला कळलंय काहीतरी," असं म्हटलेलं मी ऐकलं. म्हातारीनं हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला बघवेना.

मॅडमनी मान वर केली. "हा. गेला," म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मग जो आकांत झाला तो पहिल्यापेक्षा वाईट होता. मुलगा मॅडमसमोर येऊन उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "एका दिवसात माझ्या आईला तुम्ही दोनदा विधवा केलंत."

डॉक्टर धावत आले, त्यांनी हात जोडून माफी मागितली, दाखला लिहून दिला. मॅडम नळावर हात धूत होत्या. मी न राहवून म्हटलं, "मॅडम, त्यांना माहीत होतं ना आधीच. कशाला केलंत?"

"माहीत न्हाय व्हता," त्या म्हणाल्या. "बोलत व्हते. आता माहीत हाय."

त्यांना वाईट वाटलं होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. डॉक्टर तेव्हा मला एवढंच म्हणाले, "तिच्यावर रागावू नकोस. ती तिथलं काहीतरी घेऊन आली आहे. मलाही सांगत नाही."

दोन वर्षांपूर्वी ते काहीतरी स्वतःच्या पायांनी आमच्या हॉस्पिटलात आलं.

ओपीडीची वेळ होती. रिक्षातून एक उंच, पिकल्या केसांचा परदेशी माणूस उतरला. अंगात कोट, हातात मिठाईचा असावा तसा खोका, घामानं निथळत होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. त्यात एक जुना फोटो होता. बारीक केस कापलेली, लष्करी कपड्यातली एक पोरसवदा मुलगी, आणि एक अधिकारी तिच्या छातीवर काहीतरी लावतोय. मी फोटो मोठा केला. चंद्रकोर आणि तारा. मुलीचे डोळे घारे. पदक गॅदरिंगचं नव्हतं. पण त्या वेळी माझं डोकं त्या पदकावर थांबलं नाही. मला वाटलं, हा फोटो याच्याकडे आला कुठून?

"मॅडम आउट," मी म्हटलं. "कम टुमॉरो."

तो माणूस बाकावर बसला. खोका मांडीवर.

मॅडम आत स्टोअररूमच्या दाराआड उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. "कोन हाय तो?"

"तुमच्याकडचाच दिसतोय. तुमचा फोटो आहे त्याच्याकडे."

"कोनी पाठवला? एकटाच हाय? बाहेर गाडी हाय?"

बाहेर नेहमीचे टेम्पो सोडून काही नव्हतं. मॅडमचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. त्या घाबरल्या होत्या. मग जे सुरू झालं त्याला हसावं की काय करावं, मला कळेना. मॅडम दाराआडून मला मराठीत प्रश्न सांगायच्या, मी तो मोडक्या इंग्रजीत त्या माणसाला विचारायची, तो गोंधळून त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा आणि ते मॅडमना आत थेट ऐकू यायचं. गाव कुठला? आजोबा काय करायचे? गावातून नदीकडे जाताना उजव्या हाताला काय लागतं? तो सगळ्याची उत्तरं देत होता. तोही बिचारा संशयानं माझ्याकडे बघायला लागला होता. मावशींनी तेवढ्यात त्याला चहा नेऊन दिला. "चोर असंल तर असंल," म्हणाल्या, "पन घाम बघा किती आलाय."

चहा हातात घेऊन त्यानं खिशातून दुसरा एक फोटो काढला. कागदाचा, कोपरे झिजलेला. कोवळ्या मिशीतला एक मुलगा, सैनिकाच्या टोपीत, हसणारा. "गार्दाश," तो माणूस म्हणाला. छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाला, "गार्दाश."

स्टोअररूमचं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. गार्दाश म्हणजे भाऊ, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. मी निघाले होते, तर मॅडम म्हणाल्या, "तू बस. साक्षीदार पायजे." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्याला सगळा सांगत रहा. न समजनारा साक्षीदार काय कामाचा?" म्हणून डॉक्टर माझ्या शेजारी बसून हलक्या आवाजात सांगत गेले.

त्या माणसाचा धाकटा भाऊ युद्धात बेपत्ता झाला होता. नाव ना मेलेल्यांत, ना कैद्यांत. ज्या गावात तो शेवटचा दिसला ते गाव मधली कितीतरी वर्षं पलीकडच्यांच्या ताब्यात होतं. अलीकडे पुन्हा लढाई झाली, तो मुलूख परत मिळाला आणि आता तिथे बेपत्ता माणसांची हाडं शोधायचं काम चाललं होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आईचं रक्त जुळवून बघायला घेतलं होतं. पण खणायचं कुठे? त्या गावातून वाचलेल्या एका सैनिकानं त्याला सांगितलं, तुझ्या भावाजवळ शेवटी एक नर्स होती. तिला पदक मिळालं, ती हिंदुस्थानात लग्न करून गेली.

"त्यानं सांगितलं," तो माणूस म्हणाला, "की माझा भाऊ तुमच्या मांडीवर गेला. आईला तेवढंच हवंय. कसा गेला ते."

डॉक्टर माझ्याशी बोलायचे थांबले आणि मॅडमकडे वळून मराठीत म्हणाले, त्याला कळू नये म्हणून, "सांग ना हो म्हणून. शांतपणे गेला म्हण. म्हातारीला बरं वाटेल. काय बिघडतं?"

"मी बघितला न्हाय," मॅडम म्हणाल्या.

मग त्या त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. सलग, आवाज न चढवता. डॉक्टर आधी भराभर सांगत होते, मग हळू. त्यांनाही हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं.

गाव सोडायचा हुकूम आला होता. बर्फ पडलेला. एक ट्रक, त्यात मावतील तेवढे जखमी. मॅडम एकेकाला ओढत, पाठीवर घेत ट्रककडे आणत होत्या. तो मुलगा शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होता. पोटाला लागलं होतं. त्याला ओढून नेण्यासारखं नव्हतं, स्ट्रेचर लागणार होतं. मॅडमनी त्याचं पोट बांधलं, त्याला सांगितलं, हलू नकोस, मी येते. तो शुद्धीवर होता. हो म्हणाला. बाकीच्यांना चढवून त्या स्ट्रेचर घेऊन वळल्या तर तोफांचे गोळे जवळ पडायला लागले. ट्रकचा ड्रायव्हर आडवा आला. म्हणाला, मी आत्ताच तिकडे जाऊन आलो, तो पोरगा गेला. चढ लवकर.

"आणि ही चढली," डॉक्टर म्हणाले.

ट्रक निघाला. मॅडम मागच्या फळीला धरून उभ्या होत्या. तिथून शाळेची भिंत दिसत होती. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बर्फात त्या भिंतीकडे गेलेली पावलं एकाच माणसाची होती. त्यांची स्वतःची. ड्रायव्हर तिकडे गेलाच नव्हता.

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "ड्रायव्हर वाईट न्हाय व्हता. गाडीत बाकीचे व्हते. ते सगळे वाचले. त्यालापन मेडल दिला. आमी दोघं एका रांगेत उभं व्हतो."

तो माणूस उठला आणि बाहेर गेला. काचेतून मला दिसत होता. जिन्याच्या पायरीवर उभा राहून त्यानं सिगारेट काढली, पण पेटवली नाही. आता हा आत येऊन काय करेल, याची मला भीती वाटत होती. इतका लांब आला, इतक्या वर्षांनी, आणि हाती काय आलं? भाऊ जिवंत मागे राहिला होता, एवढं. मावशी दारात येऊन हळूच म्हणाल्या, "पोलिसांना फोन करून ठेवू का?" डॉक्टरांनी मानेनंच नको म्हटलं.

तो आत आला. बसला नाही. एकच वाक्य बोलला. डॉक्टरांनी ते मला सांगितलं, "ती भिंत दाखवाल का, विचारतोय."

मॅडमनी खूप वेळ त्याच्याकडे बघितलं. इथेही त्यांनी विश्वास ठेवायच्या आधी त्याचा चेहरा नीट तपासला असेल. मग म्हणाल्या, "सांगून समजनार न्हाय. मी येते."

कागदपत्रांची भानगड दोन-अडीच महिने चालली. इतक्या वर्षांत मॅडम एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. निघायच्या आधी त्यांनी आम्हाला इतक्या सूचना दिल्या की शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "मी आहे ना इथे." त्यावर त्या 'च्यक्' म्हणाल्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. पदक त्यातच होतं. "हे नेत नाही?" मी विचारलं. "तिकडं घालतात ना असल्या वेळी?"

"किल्ल्या इकडं, मंग तो पन इकडं," त्या म्हणाल्या.

त्या नव्हत्या तेवढे दिवस हॉस्पिटल सुरळीत चाललं, हे सांगायला हवं. काही अडलं नाही. फक्त कोणी काही सांगितलं की सांगणारा क्षणभर थांबायचा, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. आणि तो प्रश्न यायचा नाही. पानवाला रोज विचारायचा, "बाई आल्या का हो?" हेर पळाली, असं एक-दोघं म्हणत होते, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

परत आल्या त्या दिवशी त्या विमानतळावरून घरी न जाता थेट रिसेप्शनला आल्या. डॉक्टर बॅगा उतरवत होते. मॅडम माझ्या समोरच्या बाकावर बसल्या, जिथे तो माणूस बसला होता तिथेच. मावशींनी न विचारता काळा चहा आणला. दुपारची वेळ, पेशंट कोणी नव्हतं.

"सापडला का वं पोरगा?" मावशींनी विचारलं.

मॅडमनी मान हलवली. हो.

मग त्यांनी सांगितलं. गाव उरलंच नव्हतं. झाडं माणसाच्या वर वाढलेली. सुरुंग शोधणारे लोक पुढे आणि त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून हे मागे. शाळा नव्हती, भिंत नव्हती. फक्त पायाचे दगड. पहिल्या जागी खणलं, काही नाही. मॅडमनाच शंका यायला लागली की आपण विसरलो, की आपलंच डोकं आपल्याला फसवतंय. मग त्या दगडांवरून त्या पुन्हा चालल्या, ट्रक जिथे उभा होता तिथून उलट्या दिशेनं. दुसऱ्या जागी सापडला. रक्त जुळवायला बाकूला पाठवलं. जुळलं.

"मग तो..." मी विचारलं. "लगेच गेला होता की..."

"मी पन इचारला," मॅडम म्हणाल्या. "तिथला मोठा डॉक्टर व्हता, हाडांचा. तो बोलला, हाडं सांगतात कोन आनि कुठं. कधी, ते सांगत न्हायत." चहाचा घोट घेतला. "हाडांबरोबर बटनं व्हती. लोखंडाची, मोठी. तो डॉक्टर बोलला, हे सैनिकाचा कपडा न्हाय, कोनाचा हाय? मी बोलली, माझा. माझा कोट."

"तुमचा?"

"त्याच्या अंगावर टाकला व्हता. बर्फ व्हता ना."

मावशी खाली बसल्या. मॅडम सांगत राहिल्या. त्या मुलाला त्याच्या गावी आणून पुरलं. सगळं गाव आलं होतं, बँड, झेंडा. त्याची आई चाकाच्या खुर्चीत. नव्वदीच्या घरातली, डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या मुलानं तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. भिंतीचं, ट्रकचं, ड्रायव्हरचं, बटणांचं. काही लपवलं नाही. मॅडमनीच तसं त्याला बजावलं होतं. मग त्या म्हातारीनं हात पुढे केला आणि नर्सला बोलवा म्हणाली. माणसं बाजूला झाली. मॅडम तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. म्हातारीनं चाचपडत त्यांचा दंड धरला, मग खांदा.

"मी वाट बघत व्हती," मॅडम म्हणाल्या. "आता इचारनार, का सोडून गेली. मी उत्तर पन ठरवला न्हाय. काय ठरवनार? तर तो म्हातारी काय बोलला, ठाव हाय?"

मावशी पुढे सरकल्या.

"बोलला, 'पोरी, कोट तर तू त्याला दिलास. मंग तुला थंडी वाजली असंल.'"

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "मग? तुम्ही काय म्हणालात, मॅडम?"

मॅडमनी ग्लास खाली ठेवला.

"खरा तो सांगितला," त्या म्हणाल्या. "वाजली व्हती. लय वाजली व्हती."